मागच्या पानावरचा अंदाज



या व्याख्यानासाठी संयोजकांनी मला विषय दिला होता ‘रसायनशास्त्र आणि संगणक’. मी त्यात थोडा बदल करून घेतला आहे. रसायनशास्त्रातून मी संगणकावरच्या रेणूंकडे कशी गेले आणि जाताना इथून काय घेऊन गेले, एवढंच आज सांगणार आहे. कारण जे घेऊन गेले ते या महाविद्यालयातल्या माझ्या सरांचं आहे आणि ते त्यांच्याच घरी बोलावं असं वाटलं.

या सभागृहामागच्या बैठ्या इमारतीत आपली रसायनशाळा आहे. १९८३ च्या जूनमध्ये मी तिथं एफ.वाय.ला आले. कोपऱ्यात किप्स ॲपरेटस होता. सॉल्ट ॲनालिसिसच्या दिवशी हायड्रोजन सल्फाइडचा वास कपड्यांत आणि केसांत बसायचा, घरी पोचेपर्यंत उतरायचा नाही. टेबलांवर आम्लाचे डाग होते, नळाखाली लाल बादल्या होत्या आणि सरांचा एक नियम होता. ब्युरेटची तोटी उघडण्याआधी जर्नलच्या मागच्या पानावर उत्तराचा अंदाज लिहायचा. तोही शाईनं.

“पेन्सिलनं का नको सर?” असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, “अगं, पेन्सिलचा अंदाज रीडिंग आल्यावर बदलतो.”

एका शुक्रवारी मी मागच्या पानावर २० लिहिलं आणि तीनही वेळा ब्युरेटचं रीडिंग ८ आलं. तिन्ही रीडिंग जुळत होती, म्हणजे परीक्षेच्या हिशेबानं काम चोख होतं. सरांनी दोन्ही आकडे बघितले, चूक-बरोबर काहीच बोलले नाहीत. “वीस आणि आठ. यांचं एकमेकांशी नातं काय, ते शोध,” एवढं सांगून ते पुढच्या टेबलाकडे गेले. पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की आठ म्हणजे विसाचे दोन पंचमांश, आणि दहा म्हणजे पंचविसाचे दोन पंचमांश. मी २५ मि.लि.च्या ऐवजी १० मि.लि.चं पिपेट उचललं होतं. मागच्या पानावर काही लिहिलेलं नसतं, तर तीन जुळणाऱ्या रीडिंगांवर विश्वास ठेवून मी घरी गेले असते. उत्तरं एकमेकांशी जुळली म्हणजे ती बरोबर असतात असं नाही, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे आयुष्यभर संगणकासमोर बसल्यावर याच्याइतकी उपयोगी पडलेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

इथून मी एम.एस्सी.ला पुण्याला गेले आणि नंतर संशोधनाला लागले ते संश्लेषणाच्या प्रयोगशाळेत. रेणू बनवायचे, शुद्ध करायचे, ओळखायचे. संगणकाशी माझा काही संबंध नव्हता. तो आला एका कड्यामुळे. सहा कार्बनचं कडं, त्यावर दोन जागी दोन गट. सायक्लोहेक्झेनचं असं कडं सपाट नसतं, आरामखुर्चीसारखं वाकलेलं असतं, आणि ही खुर्ची उलटी होऊ शकते. उलटताना वरखाली उभे असलेले हायड्रोजन बाजूला जातात आणि बाजूचे उभे होतात. माझा रेणू कोणत्या खुर्चीत बसला आहे, हे मला ठरवायचं होतं.

एन.एम.आर.च्या आलेखात शेजारशेजारच्या दोन हायड्रोजनांमधला दुवा हर्ट्झमध्ये मोजता येतो. दोघंही उभे असतील तर हा आकडा १० ते १२ च्या घरात येतो, नाहीतर ३-४ च्या आसपास. कोन आणि आकडा यांचं हे नातं मार्टिन कारप्लस यांनी १९५९ मध्ये पुंजयामिकीतून काढलं. जगभरचे संश्लेषण करणारे लोक ते कोष्टकासारखं वापरू लागले. नंतर स्वतः कारप्लस यांनीच बजावलं, की या नात्यावरून एक-दोन अंशांपर्यंत नेमका कोन काढायला जाल तर जोखीम तुमची. आपल्याच समीकरणाची मर्यादा इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे सांगणारा माणूस मला तेव्हापासून प्रिय आहे.

माझा आकडा आला ७. ना इकडे, ना तिकडे. कारण खोलीच्या तापमानाला ती खुर्ची सेकंदाला लाखाच्या घरात उलटसुलट होत होती आणि उपकरणाला दिसत होती फक्त सरासरी. पंखा वेगात असला की पाती वेगळी दिसत नाहीत, तसं. मग प्रश्न बदलला. दोन्ही खुर्च्यांमध्ये रेणू किती किती वेळ असतो? हे अवलंबून असतं दोघींच्या ऊर्जेतल्या फरकावर. खोलीच्या तापमानाला साधारण १.४ किलोकॅलरीचा फरक असेल तर वाटणी दहास एक अशी होते. एवढासा फरक, आणि नव्वद टक्के रेणू एका बाजूला. हा फरक बाटलीत हात घालून मोजता येत नव्हता. माझ्या मार्गदर्शकांनी सुचवलं, गणित करून बघ. मी एका सत्रासाठी म्हणून गेले, ती परत आले नाही.

आता त्या गणिताबद्दल थोडं बोलते, कारण तिथं काय होतं ते फार थोड्यांना माहीत असतं. १९२९ मध्ये पॉल डिरॅक यांनी लिहिलं, की रसायनशास्त्राच्या बुडाशी असलेले सगळे भौतिक नियम आता कळले आहेत. अडचण एवढीच, की त्यांतून निघणारी समीकरणं सुटण्यापलीकडची आहेत, म्हणून कामचलाऊ पद्धती शोधायला हव्यात. हे विधान सगळे सांगतात, पण त्याच्या दुसऱ्या भागावर कोणी फारसं थांबत नाही. माझं सगळं क्षेत्र त्या दुसऱ्या भागात आहे. पूर्ण गणित होत नाही, मग त्यातलं काय सोडून द्यायचं?

पाण्याचा एक रेणू घ्या. तीन अणुकेंद्रं, दहा इलेक्ट्रॉन. पहिली सोडवणूक अशी, की प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड असतो, तेव्हा केंद्रं जागच्या जागी उभी आहेत असं मानायचं. दुसरी अधिक धाडसाची आहे. दहा इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, प्रत्येकाची हालचाल इतर नऊ जणांवर अवलंबून असते. डग्लस हार्ट्री यांनी १९२८ मध्ये मार्ग काढला, की एका इलेक्ट्रॉनला बाकीचे नऊ वेगवेगळे जाणवत नाहीत, त्यांच्या गर्दीची सरासरी जाणवते असं धरायचं. आपल्याकडे लोणंदच्या पालखी तळावर गेलेल्यांना हे लगेच कळेल. गर्दीचा ओघ कुठे चालला आहे हे माहीत असलं की आपण चालू शकतो. पण शेजारच्या वारकऱ्याच्या डोक्यावर तुळस असेल तर आपण खांदा जरा आत घेतो. सरासरीत तो खांदा येत नाही.

त्या खांद्याची किंमत किती? पाण्याच्या रेणूच्या एकूण ऊर्जेपैकी सरासरीच्या गणितात साधारण साडेनव्व्याण्णव टक्के हाती येते. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण राहिलेला अर्धा टक्का म्हणजे मोलमागे दोनशे किलोकॅलरींहून जास्त, आणि पाण्यातला एक ओ-एच बंध तोडायला लागतात सुमारे ११८. म्हणजे जे सुटलं ते एका बंधाहून मोठं आहे.

आणि रसायनशास्त्राला हवे असतात त्याहूनही बारीक फरक. पाण्याचे दोन रेणू हायड्रोजन बंधानं एकत्र येतात तेव्हा पाचेक किलोकॅलरींचा फरक पडतो, तर एकट्या रेणूची एकूण ऊर्जा आहे सत्तेचाळीस हजारांच्या वर. मी कारखान्याच्या गावची आहे. काट्यावर १५ टन उसाचा ट्रक उभा आहे. त्यातून एकच ऊस काढून घेतला, ट्रक पुन्हा काट्यावर चढवला आणि दोन वजनांच्या वजाबाकीतून त्या उसाचं वजन सांगा, असं कोणी म्हणालं तर आपण त्याच्याकडे बघत राहू. आमचं काम बरोबर त्याच प्रमाणाचं आहे, दहा हजारात एक. ते जमतं, कारण दोन्ही वेळा काटा एकाच बाजूला जवळजवळ सारखाच चुकतो आणि वजाबाकीत चूक निघून जाते. कोणत्या दोन गणितांच्या चुका एकमेकींना खातील, हे ओळखणं ही आमच्या धंद्यातली खरी कला आहे.

या कलेला शिस्त लावली जॉन पोपल यांनी. ते मूळचे गणिताचे, केंब्रिजचे. पुढे अमेरिकेत पिट्सबर्गला गेले आणि तिथून १९७० मध्ये ‘गॉसियन ७०’ ही आज्ञावली बाहेर आली. नावातच एक तडजोड आहे. केंद्राजवळ इलेक्ट्रॉनचा ढग टोकदार होतो आणि दूर जाताना एका ठरावीक रीतीनं विरत जातो. गॉसचा घंटेसारखा वक्र या दोन्ही ठिकाणी चुकतो. पण त्याची संकलनं सहज होतात, हे फ्रान्सिस बॉइज यांनी १९५० मध्ये दाखवलं होतं. म्हणून चुकीचेच, पण सोपे असे अनेक वक्र एकत्र करून बरोबरच्या जवळ जायचं. पोपल यांचं म्हणणं होतं, की एक पातळी ठरवा, तीच सगळ्या रेणूंना लावा, प्रयोगाशी ताडून ती किती चुकते हे आधी जाणून घ्या आणि मगच अनोळखी रेणूकडे जा. चूक नाहीशी होत नसेल तर निदान ती आपल्या ओळखीची असावी. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना वॉल्टर कोन यांच्याबरोबर मिळालं. कोन हे भौतिकशास्त्रज्ञ. व्हिएन्नातून निर्वासित होऊन निघालेल्या या मुलाला युद्धकाळात टोरांटोच्या विद्यापीठात शत्रुराष्ट्राचा म्हणून रसायनशास्त्राच्या इमारतीत पाऊल ठेवायला मनाई होती. त्यामुळे त्यांना रसायनशास्त्राचा एकही अभ्यासक्रम घेता आला नाही.

माझ्या कड्याकडे येते. मी आज्ञावली शिकले, दोन्ही खुर्च्यांचे सहनिर्देशक भरले आणि रात्ररात्र यंत्र चालवलं. तीन आठवडे आकडे येत होते, छापील कागदांच्या चळती वाढत होत्या. गणित न कुरकुरता पूर्ण होत होतं. दोन खुर्च्यांतला फरक आला चाळीस किलोकॅलरींच्या वर. दहाव्या-बाराव्या वेळीही तेच. जुळणारी उत्तरं.

सवयीनं मी वहीच्या मागच्या पानावर अंदाज लिहिला होता, आणि तो शाईनं होता: एकाच्या आत. तो कुठून आला होता? एन.एम.आर.मधल्या त्या ७ वरून. आणि कड्यावर एक मिथिल गट असला तर फरक १.७ च्या आसपास असतो, हे पाठ होतं त्यावरून. चाळीस किलोकॅलरी खऱ्या असत्या तर दुसरी खुर्ची अस्तित्वातच नसती आणि मला ७ दिसला नसता. मी एकेक अंतर तपासायला बसले. आज्ञावली अंतरं बोरमध्ये मागत होती, मी अँगस्ट्रॉममध्ये दिली होती. एक बोर म्हणजे ०.५२९ अँगस्ट्रॉम. म्हणजे तीन आठवडे मी माझा रेणू जवळजवळ निम्म्या आकाराला चिरडून त्याची ऊर्जा काढत होते. यंत्रानं काहीच तक्रार केली नाही, कारण समीकरणाच्या दृष्टीनं तोही एक रेणूच होता. पिपेटचीच चूक, नव्या रूपात. त्या रात्री मला सरांना फोन करावासा वाटला होता. तेव्हा त्यांच्या घरी फोन नव्हता.

काय सोडायचं, या प्रश्नाची सगळ्यांत निर्भय उत्तरं आपल्याच देशातल्या माणसांनी दिली आहेत. १९६३ मध्ये मद्रासला गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या साखळीत कोणते कोन शक्य आहेत याचा नकाशा काढला. त्यांनी जवळजवळ सगळंच सोडून दिलं होतं. इलेक्ट्रॉन नाहीत, ऊर्जा नाही. अणू म्हणजे कठीण गोळे, आणि दोन गोळे एका जागी मावत नाहीत, एवढंच धरलं. आजही प्रथिनाची नवी रचना कोणी मांडली की ती त्या नकाशावर ठेवून तपासतात. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आरगॉनचे ८६४ अणू संगणकात सोडले आणि न्यूटनच्या नियमांनी ते कसे फिरतात ते पावलापावलानं काढलं. द्रव पदार्थ आतून कसा दिसतो, हे तिथून दिसायला लागलं. कारप्लस यांच्या गटानं १९७७ मध्ये हीच रीत एका छोट्या प्रथिनाला लावली तेव्हा ते जेमतेम नऊ पिकोसेकंद हललं. पण प्रथिनं ताठ नसतात, हे त्या नऊ पिकोसेकंदांत दिसलं.

आता पुण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण ते मी जवळून पाहिलं. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पुणे विद्यापीठातल्या डॉ. श्रीधर गद्रे यांच्या गटानं त्या यंत्रासाठी ‘इंडमोल’ ही रेणूंच्या गणिताची स्वतःची आज्ञावली लिहिली आणि १९९३ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. बाहेरची आज्ञावली आणून चालवणं वेगळं, आणि प्रत्येक ओळ आपल्या हातची असणं वेगळं. ज्यानं ती ओळ लिहिली, त्याला काय सोडलं आहे हे माहीत असतं.

गद्रे यांचा मुख्य विषय रेणूभोवतीचं विद्युत विभव. एखादा धन प्रभार रेणूच्या आसपास आणला तर त्याला कुठे चढ लागेल आणि कुठे उतार, याचा नकाशा. १९९० मध्ये राजीव पाठक आणि गद्रे यांनी एक साधी, सुंदर गोष्ट सिद्ध केली. या नकाशात अणुकेंद्रं सोडली तर एकही शिखर नसतं. दऱ्या असतात, खिंडी असतात, पण नुसत्या इलेक्ट्रॉनांच्या ढगात सुटा डोंगर उभा राहूच शकत नाही. सिद्धतेचा गाभा पॉयसाँच्या समीकरणात आहे, एम.एस्सी.च्या फळ्यावर मावेल एवढा. केंद्रापासून दूर सगळीकडे प्रभार ऋणच असतो आणि अशा जागी विभवाला सर्व बाजूंनी खाली वळता येत नाही. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा बराच वेळ कागद हातात धरून बसले होते. इतकी वर्षं हे नकाशे लोक काढत होते, आणि हे त्यांत उघड्यावर पडलेलं होतं.

दुसरी गोष्ट रेणू शिवण्याची. सरासरीच्या गणिताचा खर्च रेणूच्या आकाराच्या चौथ्या घाताच्या चालीनं वाढतो. रेणू दुप्पट केला तर काम सोळापट. मोठा रेणू म्हणूनच हाती लागत नाही. १९९४ पासून या गटानं जी पद्धत विकसित केली, तिचं नावच त्यांनी शिंपीकामावरून ठेवलं. रेणूचे तुकडे कापायचे, पण एकमेकांवर चढणारे. प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं करायचं, सगळ्यांची बेरीज घ्यायची आणि जिथं कापड दुहेरी झालं तो भाग एकदा वजा करायचा. शाळेत संचांची बेरीज-वजाबाकी शिकतो, तीच ही. बंध कापला तिथं उघड्या कडेला हायड्रोजन लावायचा, शिंपी काठाला दुमड घालतो तसा.

पण कात्री कुठे लावायची? बेंझिनच्या कड्यातून नाही, दुहेरी बंधावरून नाही, ज्या गटांना एकमेकांचा शेजार लागतो त्यांच्या मधून नाही. आज हे बरंचसं यंत्र स्वतः ठरवतं. तरी यंत्रानं कापलेला रेणू समोर आला की माझी नजर आधी शिवणीवर जाते. ती नजर मला गणितानं दिलेली नाही. ती त्या बैठ्या इमारतीत आली. कोणता गट तापवल्यावर सुटतो, कोणता रंग धरून ठेवतो, कोण कोणाशिवाय राहत नाही, हे हातांनी पाहिल्यावर आली.

म्हणूनच एक गोष्ट इथं आग्रहानं बोलते. २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल प्रथिनांच्या रचनांचं संगणकानं भाकीत करणाऱ्यांना मिळालं, आणि ते योग्यच मिळालं. पण ते यंत्र शिकलं कशावर? १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झालेल्या आणि दीड लाखांच्या पुढे गेलेल्या प्रथिनांच्या संग्रहावर. त्यातली जवळजवळ प्रत्येक रचना कोणीतरी प्रथिन शुद्ध करून, बहुतेक वेळा त्याचा स्फटिक वाढवून, महिनोन्‌महिने वाट बघून मिळवलेली आहे. आता प्रॅक्टिकलचे तास आटत चालले आहेत. माझ्याकडे येणारी हुशार मुलं-मुली रेणू पडद्यावर फिरवतात, पण त्यांतल्या काहींनी स्फटिक पडताना पाहिलेला नसतो. मी त्यांना पहिलं सत्र प्रयोगशाळेत पाठवते. त्यांना ते आवडत नाही, काही जण रागावतात. माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला तसं वाटत नाही. मागच्या पानावर लिहायला काहीतरी असावं लागतं, आणि ते कुठून तरी यावं लागतं.

सरांना मी शेवटची भेटले तेव्हा लॅपटॉपवर एका रेणूच्या विभवाचा नकाशा दाखवला होता. ऑक्सिजनपाशी लाल, हायड्रोजनांपाशी निळा. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितला. लाल जागेवर बोट ठेवून म्हणाले, “पाणी इथं येऊन बसत असणार.” मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “हे बाटलीत आहे का तुझ्याकडे?” नव्हतं. परत गेल्यावर मी ते मागवलं. पांढरी भुकटी आहे, दमट हवेत चिकट होते.

माझी एक विद्यार्थिनी आज इथं तिसऱ्या रांगेत बसली आहे. त्याच भुकटीच्या रेणूभोवती पाण्याचे रेणू कसे बसतात, याचं तिचं गणित काल रात्री संगणकांच्या क्लस्टरवर लागलं आहे, ते गुरुवारी संपेल. पाण्याचा पहिला रेणू किती घट्ट बसेल, याबद्दल आमचं एकमत झालेलं नाही. तिच्या वहीच्या मागच्या पानावर दोन आकडे आहेत, दोन्ही किलोकॅलरींमध्ये आणि दोन्ही शाईनं. तिचा ९, माझा ६.